येशूबद्दल काय मानायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरात वाढलो. येशू प्रभू आहे हे मला कुणी पटवून दिलं नव्हतं. ते घरात आधीपासूनच होतं, आडनावासारखं. तिशी ओलांडल्यावर मात्र मला ते सगळं मुळापासून तपासावं लागलं. तेव्हापासून हा प्रश्न पडलेली माणसं माझ्याशी बोलायला येतात: शाळेतले जुने मित्र, नाताळच्या फराळाला आलेले शेजारी, ख्रिस्ती मुलीशी लग्न ठरलेला एक तरुण, विश्वास उडालेले दोन-तीन ख्रिस्तीही. त्यांचे प्रश्न आणि मला आज योग्य वाटणारी उत्तरं इथे देतो आहे. मी स्वतः विश्वास ठेवतो हे आधीच सांगतो, म्हणजे माझं पारडं कुठे झुकतं ते तुमच्या लक्षात राहील.

येशू नावाचा माणूस खरंच होऊन गेला का?

हो. याबद्दल इतिहासकारांत जवळपास एकमत आहे, मग ते ख्रिस्ती असोत, यहूदी असोत की नास्तिक. रोमन इतिहासकार टॅसिटस याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. इ.स. ११६ च्या सुमारास, रोमच्या आगीबद्दल लिहिताना तो सांगतो की या पंथाला ज्याच्यावरून नाव पडलं त्या ख्रिस्ताला तिबेरियस सम्राटाच्या काळात रोमन सुभेदार पिलाताने देहदंड दिला. यहूदी इतिहासकार जोसेफस इ.स. ९३ च्या आसपास 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडमार करून मारल्याचं नोंदवतो. जोसेफसचा येशूवरचा दुसरा, मोठा उतारा मात्र जपून वापरा. त्यात पुढे कुणा ख्रिस्ती नकलकाराने आपल्या श्रद्धेची भर घातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आमच्यातलेच काही प्रचारक तो उतारा जसाच्या तसा फेकतात, ते बरोबर नाही.

मला सर्वांत वजनदार वाटणारा पुरावा याहून साधा आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा प्रचारक पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो की मी यरुशलेमला जाऊन येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो, आणि तिथे प्रभूचा भाऊ याकोबही भेटला. हे तो येशूचं अस्तित्व सिद्ध करायला लिहीत नाही, दुसऱ्याच वादात ओघाने सांगून जातो. काल्पनिक माणसाच्या भावाची अशी गाठ पडत नाही.

त्याचा जन्म २५ डिसेंबरचा आणि इ.स. १ मधला?

दोन्ही नाही. शुभवर्तमानांत, म्हणजे नव्या करारातल्या येशूची कथा सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार पुस्तकांत, तारीखच नाही. हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला, आणि येशूचा जन्म त्याच्या हयातीतला सांगितला आहे, म्हणजे जन्म त्याआधीचा. यावर श्रद्धा ठेवायचं किंवा सोडायचं काहीच कारण नाही.

'ख्रिस्त' आणि 'कृष्ण' एकच ना?

उच्चार जवळ आहेत, एवढंच. 'ख्रिस्त' हे ग्रीक शब्दावरून आलं, अर्थ 'अभिषिक्त'. हिब्रूत त्यालाच मशीहा म्हणतात.

शुभवर्तमानं कधी लिहिली गेली? लेखकांनी येशूला पाहिलं होतं का?

येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. ३० किंवा ३३ च्या सुमारास. पौलाची पत्रं पन्नाशीच्या दशकातली. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते मार्क इ.स. ७० च्या आगेमागे, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांत, आणि योहान शतक संपता संपता. मूळ मजकुरात एकाही शुभवर्तमानात लेखकाने आपलं नाव घातलेलं नाही. मार्क, मत्तय ही नावं परंपरेने दिलेली. लूक तर पहिल्या चार ओळींतच कबूल करतो की ज्यांनी सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं मी नीट चौकशी करून लिहितो आहे. म्हणजे तो स्वतः साक्षीदार नाही.

चाळीस वर्षांचं अंतर मोठं की लहान? माझे वडील १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायचे तेव्हा त्यांचे आकडे चुकायचे, क्रम मागेपुढे व्हायचा. पण खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी कशी लागायची हे सांगताना ते कधीच चुकले नाहीत. मार्क वाचताना मला तेच जाणवतं. तो ग्रीकमध्ये लिहितो, पण मधूनच येशूच्या तोंडचे अरामी शब्द तसेच ठेवतो: मेलेल्या मुलीला 'तलीथा कूम', प्रार्थनेत 'अब्बा', वधस्तंभावर 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी'. आणि प्रत्येक वेळी अर्थ सांगतो, कारण त्याच्या वाचकांना ते कळणार नव्हतं. वधस्तंभ वाहायला धरलेल्या कुरेनेच्या शिमोनाची ओळख तर तो 'आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप' अशी करून देतो. ही मुलं पुढे गोष्टीत कुठेच येत नाहीत. ती त्याच्या पहिल्या वाचकांच्या ओळखीची असावीत, एवढाच याचा सरळ अर्थ लागतो.

चार जणांच्या चार तऱ्हा. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. मग विश्वास कशावर?

जुळत नाही हे खरं आहे, आणि ते झाकणाऱ्या माणसाकडून काही शिकू नका. मत्तय जन्म हेरोदाच्या काळात ठेवतो. लूकही हेरोदाचं नाव घेतो, पण शिवाय रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या शिरगणतीशी जोड लावतो, आणि आपल्याला माहीत असलेली ती शिरगणती इ.स. ६ ची, म्हणजे निदान नऊ वर्षांनंतरची. पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशू शिष्यांसोबत वल्हांडण या यहूदी सणाचं जेवण घेतो आणि दुसऱ्या दिवशी मरतो. योहानात तो वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच मरतो. कबरेपाशी मार्कात एक तरुण दिसतो, लूकात दोन पुरुष.

यातून माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं: शुभवर्तमानं म्हणजे पंचनामा नाही, आणि ती कादंबरीही नाही. गालीलातला शिकवणारा, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून बाप्तिस्मा घेतलेला, जकातदारांच्या आणि बदनाम बायकांच्या पंगतीला बसणारा, दाखल्यांतून देवाच्या राज्याबद्दल बोलणारा, मंदिरात जाऊन चौरंग उलथवणारा, पिलाताच्या हुकमाने मेलेला. हा सांगाडा पहिल्या तिन्हींत एकच आहे, आणि योहानातही त्याचा बराच भाग सापडतो. तपशिलात ओढाताण आहे. ज्याला प्रत्येक शब्द अचूक असल्याशिवाय विश्वास ठेवता येत नाही, त्याची इथे अडचण होणार. माझीही झाली होती.

मजकूर पुढे बदलला गेला असेल ना?

काही ठिकाणी बदलला गेला, आणि ते आपल्याला माहीत आहे, कारण तुलना करायला पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं आहेत. व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट, 'तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा', योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. मार्काच्या शेवटच्या बारा ओळीही जुन्या प्रतींत नाहीत. दोन्हींच्या खाली आज बहुतेक भाषांतरांत टीप असते.

बहुतेक पाठभेद मात्र शब्दांचा क्रम, शुद्धलेखन, सुटलेली ओळ असे आहेत. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, तळहातात मावेल एवढा. अक्षरवळणावरून तो साधारण दुसऱ्या शतकातला मानतात. त्यावर पिलाताने केलेल्या चौकशीतल्या काही तुटक ओळी आहेत. आज पुण्यात मिळणाऱ्या मराठी नव्या करारात तो प्रसंग तसाच आहे. 'सगळं नंतर घुसडलं' असं सरसकट म्हणता येत नाही.

येशूला देव ठरवलं ते नायसीयाच्या परिषदेत, मतदान घेऊन. खरं ना?

अर्धवट खरं, म्हणून चिवट. इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन सम्राटाने परिषद बोलावली हे बरोबर. पण तिथला वाद 'येशू साधा माणूस की देव' असा नव्हता. ज्याच्या मतावरून वाद पेटला तो आरियसही येशूला माणसापेक्षा फार वर मानत होता. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, अनादी नाही. परिषदेने ते नाकारलं. बायबलात कोणती पुस्तकं घ्यायची हा विषय तिथे नव्हताच.

त्याच्या दोनशे वर्षं आधी, इ.स. ११२ च्या सुमारास, रोमन अधिकारी प्लिनी आपल्या सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. पौलाच्या फिलिप्पैकरांच्या पत्रात तर देवाच्या रूपात असूनही दास झालेल्या ख्रिस्ताचं आख्खं गीत आहे. येशूच्या मरणानंतर फार तर तीस वर्षांत, एकाच देवाला मानणाऱ्या कट्टर यहूदी माणसाच्या हातून हे लिहिलं जातं, याचं मला आजही नवल वाटतं.

पण तो स्वतः स्वतःला कोण समजत होता?

इथे सावकाश जाऊ या. योहानात येशू आपल्याबद्दल मोठमोठी विधानं करतो. मार्कात फार कमी. मार्काच्या दहाव्या अध्यायात एक जण त्याला 'उत्तम गुरुजी' म्हणतो, तर तो विचारतो, मला उत्तम का म्हणतोस? देवाखेरीज उत्तम कोणी नाही. तेराव्या अध्यायात तो म्हणतो की शेवटाची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. ही वाक्यं कुणी भक्ताने रचली नसती.

पण त्याच मार्कात दुसऱ्या अध्यायात तो पक्षाघाती माणसाला 'तुझ्या पापांची क्षमा झाली' म्हणतो, आणि बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाखेरीज पापांची क्षमा कोण करू शकतो? शेवटी मुख्य याजक थेट विचारतो, तू ख्रिस्त आहेस का? 'मी आहे,' तो म्हणतो, आणि दानीएलाच्या ग्रंथातल्या, मेघांवर येणाऱ्या मनुष्याच्या पुत्राचा दाखला देतो. ही देवनिंदा आहे असं मानून याजक आपली वस्त्रं फाडतो.

एक युक्तिवाद तुमच्या कानावर आला असेल: असे दावे करणारा एक तर लबाड, नाही तर वेडा, नाही तर प्रभू, चौथा पर्याय नाही. मी तो वापरत नाही. चौथा पर्याय आहे: काही शब्द शिष्यांनी त्याच्या तोंडी घातले असतील. तरी त्यात एक खरी गोष्ट आहे. 'चांगली शिकवण देणारा सज्जन' एवढ्यावर विषय मिटत नाही. सज्जन शिक्षकाला कुणी वधस्तंभावर देत नाही.

चमत्कारांचं काय?

मार्काच्या तिसऱ्या अध्यायात त्याचे विरोधक म्हणतात, हा भुतांच्या सरदाराच्या साहाय्याने भुतं काढतो. काही घडलंच नाही असं ते म्हणत नाहीत. लोक त्याच्या हातून बरे होत असल्याची ख्याती त्याच्या हयातीतली आहे, एवढं मी इतिहास म्हणून मान्य करीन. पाण्यावर चालणं वगैरे तुम्ही बाजूला ठेवलंत तरी चालेल. खरी कसोटी पुढच्या प्रश्नात आहे.

तो मेलेल्यांतून उठला, हे कसं मानायचं?

पौल स्वतः लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. म्हणून यावर वेळ घालवा.

आधी जे भक्कम आहे ते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल 'मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं' असं म्हणून यादी देतो: तो केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, सर्व प्रेषितांना, आणि शेवटी मला. म्हणजे शेवटचं नाव सोडता ही यादी पौलाच्याही आधीची. यातली दोन नावं मला झोपू देत नाहीत. एक पौल स्वतः, जो या पंथाचा छळ करत होता. दुसरा याकोब. येशूला वेड लागलं आहे असं समजून त्याच्या घरची माणसं त्याला धरून न्यायला आली होती, असं मार्कच सांगतो. त्याच घरातला हा भाऊ पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होतो आणि इ.स. ६२ मध्ये दगडमाराने मरतो.

आता जे वादात आहे ते. रिकामी कबर. काही अभ्यासक म्हणतात, वधस्तंभावर मेलेल्यांना कबर मिळतच नसे. पण १९६८ मध्ये यरुशलेमच्या गिवत हा-मिवतार भागात एक अस्थिपेटी सापडली. तिच्यात टाचेचं हाड आहे आणि त्यातून आरपार गेलेला, साडेअकरा सेंटीमीटर लांबीचा खिळा अजून तसाच रुतलेला आहे. खिळ्याचं टोक वाकलं होतं, बहुधा म्हणून तो निघाला नाही. त्या माणसाचं नाव पेटीवर कोरलं आहे, यहोहानान. वधस्तंभावर गेलेल्यालाही त्याच्या माणसांनी कबरेत ठेवलं, असं निदान एकदा तरी घडलं होतं.

कबर आधी बायकांना रिकामी सापडली, हेही पुरावा म्हणून सांगितलं जातं: त्या काळी बायकांच्या साक्षीला किंमत नव्हती, मग खोटं रचणाऱ्याने बाया का घातल्या असत्या? मला हे पटतं, पण अर्धंच. प्रेताला सुगंधी द्रव्य लावायला बायकाच जायच्या, तेव्हा गोष्ट रचणाऱ्यालाही त्याच सुचल्या असत्या.

दुसरे खुलासे? शिष्यांनी देह चोरला, हा आरोप मत्तयच नोंदवतो. पण चोरणाऱ्यांना सत्य माहीत असतं, आणि त्यांचं पुढचं वागणं तसं दिसत नाही. तो मेलाच नव्हता, हे रोमन शिपायांचं काम पाहता टिकत नाही. दुःखात भास झाले, हा मला सर्वांत गंभीर खुलासा वाटतो. गेलेलं माणूस दिसल्याचं आपल्याही घरांत सांगतात. पेत्राला तो लागू पडू शकेल. पौलाला तो लावताना ओढाताण होते, कारण पौल शोक करत नव्हता. आणि 'ते यासाठी मरायला तयार झाले' हे फक्त त्यांचा प्रामाणिकपणा दाखवतं. चुकीच्या गोष्टीसाठीही माणसं मरतात.

माझ्या मते इतिहास इथपर्यंत येतो: त्यांना तो दिसला असं त्यांना मनापासून वाटलं, एकाला नाही, अनेकांना, आणि त्याने त्यांची आयुष्यं पालटली. यापुढे देव आहे की नाही, आणि असला तर तो असं करील का, याबद्दल तुम्ही आधीच काय मानता त्यावर सगळं येतं. पुराव्याने मला या उंबरठ्यापर्यंत आणून सोडलं. मी तो ओलांडला. जो ओलांडत नाही त्याला मी मूर्ख समजत नाही.

येशू काश्मीरला आला होता म्हणतात?

नाही. लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी पाहिल्याचं निकोलाय नोटोविच याने १८९४ मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक तिथे गेले, तर मठाच्या प्रमुख लामांनी अशी पोथी नाही आणि असा पाहुणाही आला नव्हता, असं सांगितलं. श्रीनगरच्या रोझाबलमध्ये येशूची कबर असल्याचं मत अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं. तिथलं नाव युझ आसफ हे 'बोधिसत्त्व' शब्दाचंच प्रवासात बदललेलं रूप असल्याचं अभ्यासक सांगतात. आपल्या मातीशी येशूचं नातं शोधायची ही ओढ मी समजू शकतो, पण ते नातं खऱ्या गोष्टींवर उभं आहे, त्याला या कथेची गरज नाही.

आम्ही त्याला थोर गुरू किंवा अवतार मानलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो, आणि आपल्याकडे तो पणाला लावून जगलेली माणसं आहेत. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण तुकारामाला त्यांनी सोडलं नाही. त्याच्याच सेतूवरून मी ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. ख्रिस्ताला अभंगांतून आळवलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत होते.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर त्या तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही मान्य करायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनीच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, ख्रिस्त कित्येक वर्षांनी.

तेव्हा गुरू म्हणून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. मात्र 'आमच्या तेहेतीस कोटींत आणखी एक' म्हणून भिंतीवर तसबीर लावून मोकळं होणं, हे मला त्याला टाळणं वाटतं. गुरू मानायचा तर 'शत्रूवर प्रीती करा' हे करून बघावं लागेल. ते एक आठवडा बघा.

मुसलमानही त्याला मानतात, यहूदी मानत नाहीत. मग खरं कोणाचं?

कुराणात ईसा हा मरियमचा पुत्र, थोर प्रेषित आणि मसीह आहे. पण त्याला वधस्तंभावर मारलं गेलं नाही असंही ते म्हणतं. हे इतिहासाच्या सर्व जुन्या नोंदींशी जुळत नाही. यहूद्यांचा आक्षेप मला जास्त जड वाटतो: मशीहा आला, मग जगात शांती का नाही? याचं झटपट उत्तर माझ्याकडे नाही. ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न ऐकून घ्यायलाच हवा.

चर्चने केलेल्या अत्याचारांचं काय?

गोव्यात १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडता, धर्मन्यायासन होतं. त्याने लोकांना तुरुंगात टाकलं, जाळलं, घरातल्या रीतींवर पहारा ठेवला. त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही मराठीची थोरवी सांगणारी ओवी त्यातलीच. मी यातलं एक दाखवून दुसरं झाकणार नाही. चर्चवरचा राग पूर्ण रास्त असू शकतो, आणि तरीही येशू कोण हा प्रश्न उरतो.

यावर विचार करायचा म्हणजे धर्म बदलायचा का?

नाही. वाचायला कोणाची परवानगी लागत नाही आणि घाई तर मुळीच नको. बाप्तिस्म्याच्या बदल्यात कुणी नोकरी, पैसे किंवा आजार बरा होण्याची हमी देत असेल तर तिथून उठून या. घरच्यांना अंधारात ठेवू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. तोवरचे हाल त्यांनी लिहून ठेवले आहेत. या निर्णयाची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसालाही मोजावी लागते.

शंका पूर्ण गेल्याशिवाय विश्वास ठेवता येतो का?

मार्काच्या नवव्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप येशूला ओरडून सांगतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. मुलगा बरा होतो. बापाची परीक्षा कुणी घेत नाही.

सुरुवात कुठून करू?

मार्कापासून. सोळाच अध्याय आहेत. आम्ही पाच जणांनी एका रविवारी दुपारी तो मोठ्याने वाचला, आळीपाळीने. मध्ये एकदाच चहा झाला, पावणेदोन तासांत संपला. आमच्यात एक निवृत्त गणिताचे शिक्षक होते, देव न मानणारे. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीपाशी मी थांबलो. बाया कबरेपासून पळून जातात, 'आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्याल्या होत्या.' सर म्हणाले, "पुढे?" मी म्हटलं, सर्वांत जुन्या प्रतींत इथेच संपतं. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.

भाषांतर तुम्हाला सहज वाचता येईल ते घ्या, फक्त तळटिपा असलेलं. एका बैठकीत वाचा, आणि आठव्या ओळीवर खूण करून ठेवा.